केडगावची प्रार्थना, चिलीचा हुकूमशहा आणि खुला बाजार

भीमथडी

ख्रिस्ती धर्म, खुला बाजार आणि कट्टर उजवं राजकारण असं त्रिकूट म्हटलं की आपल्याकडे गाडी लगेच अमेरिका आणि ट्रम्पवर जाते. मला चिलीबद्दल लिहायचंय. एक तर तिथे हे तिन्ही एकत्र कसे आले ते नावानिशी, तारखेनिशी दाखवता येतं, आणि दुसरं म्हणजे त्या गोष्टीचं एक टोक आमच्या दौंड तालुक्यातल्या केडगावात आहे आणि हे आमच्याच भागातल्या लोकांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

तर केडगाव. १९०५ चा जून. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकून दिलेल्या अशा शेकडो मुली होत्या. त्या मुली रात्र रात्र प्रार्थना करायला लागल्या, मोठ्याने रडायच्या, अंगाला थरथर सुटायची, पवित्र आत्म्याने आपल्याला आतून जाळलं असं सांगायच्या आणि मग टोळ्या करून गावोगाव बोलायला जायच्या. पवित्र आत्म्याच्या अशा थेट अनुभवावर उभा असलेला जो ख्रिस्ती पेंटेकोस्टल पंथ, त्याची सुरुवात १९०६ ला लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर झाली असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण केडगावचं त्याच्या आधीचं आहे. रमाबाईंबरोबर मिनी अब्राम्स नावाची अमेरिकन मेथडिस्ट (हा एक प्रोटेस्टंट पंथ) बाई काम करायची, तिने या सगळ्यावर एक पुस्तिका लिहिली आणि १९०७ मध्ये शिकागोच्या शिक्षणातल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. ही मैत्रीण होती चिलीतल्या वाल्परायसो बंदरात, तिथला मेथडिस्ट पाद्री विलिस हूवर याची बायको. आदल्याच वर्षी भूकंपात त्यांचं चर्च पडलेलं. नवराबायकोने ते वाचलं, मंडळींना सांगितलं, आणि १९०९ मध्ये वाल्परायसोत तसंच सुरू झालं. मेथडिस्ट वरिष्ठांना ते पटलं नाही, १९१० मध्ये हूवर आणि त्याचे लोक बाहेर पडले आणि चिलीचं स्वतःचं पेंटेकोस्टल चर्च उभं राहिलं, परदेशी मिशनच्या पैशाशिवाय, मोलकरणी, हमाल, खाणकामगार असल्या माणसांचं. १९३० च्या जनगणनेत चिलीत इव्हँजेलिकल (तिथे पेंटेकोस्टल धरून सगळ्या प्रोटेस्टंटांना हाच शब्द) जेमतेम दीड टक्का होते, २००२ पर्यंत १५ टक्के झाले.

आता थेट १९७३ वर येतो. ११ सप्टेंबरला लष्कराने राष्ट्राध्यक्ष अयेंदेचं निवडून आलेलं समाजवादी सरकार उलथवलं, जनरल पिनोशे सत्तेवर आला. मारलेले आणि गायब केलेले मिळून ३ हजारांच्या वर, छळ सोसून जगलेले अशी सरकारी आयोगांनी मान्य केलेली माणसं ३८ हजारांच्या वर. अशा राजवटीला आशीर्वाद देणारं कुणीतरी लागतं. कॅथलिक कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेझ यांनी त्या १८ सप्टेंबरला राष्ट्रीय प्रार्थना घेतली खरी, पण पुढच्याच महिन्यात ल्युथरन बिशप हेल्मुट फ्रेंझ, मेथडिस्ट आणि ज्यू मंडळींना बरोबर घेऊन पकडलेल्यांच्या घरच्यांसाठी समिती काढली. पिनोशेने दबाव आणून ती १९७५ अखेर बंद करायला लावली, तर कार्डिनलनी १ जानेवारी १९७६ ला चर्चच्या स्वतःच्या छत्राखाली व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद हे पकडलेल्यांना मदत करणारं कार्यालय उघडलं, सांतियागोच्या कॅथेड्रलला लागूनच. म्हणजे ज्या संस्थेने आशीर्वाद द्यायचा तीच वकील देत होती.

मग आशीर्वाद आला कुठून? डिसेंबर १९७४, सांतियागोत मेथडिस्ट पेंटेकोस्टल चर्चच्या भल्यामोठ्या कॅथेड्रलचं उद्घाटन, होताबेचे रस्त्यावरच्या, आणि पिनोशे स्वतः हजर. त्याच दिवसांत तीसेक इव्हँजेलिकल पाद्र्यांनी जाहीर निवेदन काढलं की लष्कराने सत्ता घेणं हे श्रद्धावंतांच्या प्रार्थनेला देवाने दिलेलं उत्तर आहे. १९७५ पासून हुकूमशहासाठी वेगळी इव्हँजेलिकल राष्ट्रीय प्रार्थना सुरू झाली. केडगावच्या दुष्काळी मुलींच्या प्रार्थनेतून ज्या चर्चचा उगम झाला त्याच चर्चच्या व्यासपीठावर हे झालं. हे वाचल्यापासून मला चैन नाहीये.

तिसरा धागा बाजाराचा, आणि तो कॅथलिक बाजूने येतो हे लक्षात घ्या. १९५६ मध्ये सांतियागोच्या कॅथलिक विद्यापीठाने शिकागो विद्यापीठाशी करार केला, अमेरिकन सरकारच्या मदतीच्या पैशातून, आणि तिथे शिकून आलेली पोरं म्हणजे शिकागो बॉईज. शिकागोचा खुल्या बाजारवाला अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन मार्च १९७५ मध्ये येऊन गेला, पिनोशेला भेटला, आणि पाठोपाठ सरकारी खर्चावर कुऱ्हाड पडली. त्या वर्षी उत्पन्न १२-१३ टक्क्यांनी घसरलं. १९७९ मध्ये कामगार संघटनांचे हात बांधणारा कायदा, १९८१ पासून पेन्शन खाजगी कंपन्यांकडे. दोन्हीचा कर्ता पिनोशेचा मंत्री होसे पिन्येरा. सैन्य आणि पोलीस मात्र जुन्या सरकारी पेन्शनवरच राहिले, हे विसरू नका.

पण नुसतं अर्थशास्त्र पुरत नाही, त्याला नैतिक पाया लागतो, आणि तो हायमे गुस्मानने दिला. हा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅथलिक विद्यापीठातला विद्यार्थी नेता, कर्मठ कॅथलिक, तरुणपणी हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनचा चाहता, म्हणजे मुळात खुल्या बाजारवाला नाहीच. १९३१ च्या पोपपत्रात एक तत्त्व आहे की कुटुंब, गाव, संघटना जे काम करू शकतात ते सरकारने ओढून घेऊ नये. गुस्मानने त्याचा अर्थ असा लावला की शाळा, दवाखाना, पेन्शन जे काही खाजगीत होऊ शकतं त्यात सरकारने पडूच नये, आणि तो अर्थ १९८० च्या घटनेच्या मांडणीत बसवला. त्याच पोपपत्रात पुढे असंही आहे की अर्थव्यवस्था मोकळ्या स्पर्धेच्या हवाली करता येत नाही. ते त्याने घेतलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे त्रिकूट धर्मातून आपोआप उगवत नाही आणि बाजाराच्या सिद्धांतातूनही नाही, ते ठराविक माणसं ठराविक गरजेपोटी जुळवतात. पिनोशेला आशीर्वाद हवा होता, गुस्मानला जनतेच्या मतापासून सुरक्षित राहील अशी व्यवस्था हवी होती, आणि पेंटेकोस्टल पाद्र्यांना साठ-पासष्ट वर्षं कॅथलिक देशात दुय्यम म्हणून जगल्यावर कुणीतरी आपल्या दारात यावं असं वाटत होतं. यातली तिसरी गरज मला कळते. म्हणूनच तिचा असा वापर झालेला बघून राग येतो.

निवांत_वाचक

फार दिवसांनी असं काहीतरी वाचलं. रमाबाई शाळेत एका धड्यापुरत्या भेटल्या होत्या, त्यात हे काहीच नव्हतं. एक विचारू का, पाद्र्यांनी निवेदन काढलं हे ठीक, पण बाकावर बसलेली साधी माणसं काय म्हणत होती? आपल्याकडेही महाराज एकाला पाठिंबा देतात आणि भक्त मत दुसऱ्याला देतात, हे नेहमी बघतो.

मुक्तअर्थी

लेख मेहनतीने लिहिलाय, पण एका ठिकाणी पाय घसरलाय असं माझं स्पष्ट मत. अयेंदेच्या शेवटच्या वर्षी महागाई ५०० टक्क्यांच्या वर गेली होती, दुकानांत माल नाही, रेशनच्या रांगा. हे सगळं गाळून थेट ११ सप्टेंबरला आलात तर वाचणाऱ्याला वाटणार की सगळं सुरळीत चाललं होतं आणि अचानक वाईट माणसं आली. दुसरं, फ्रीडमनने चीनच्या कम्युनिस्ट नेत्यांनाही भेटून सल्ला दिलाय, म्हणून काय तो कम्युनिस्ट झाला? सल्ला देणाऱ्याला हुकूमशहाच्या पापाचा वाटेकरी करायचं हे मला पटत नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, १९९० ला लोकशाही परत आली, निवडून आलेल्या मध्य-डाव्या सरकारांनी तोच बाजाराचा ढाचा ठेवला आणि वर सामाजिक खर्च वाढवला, गरिबी ४० टक्क्यांच्या आसपास होती ती २०१७ पर्यंत १० टक्क्यांच्या आत आली. म्हणजे बाजार आणि लोकशाही एकत्र नांदतात, धर्माची गरज नाही. आपल्याकडे शरद जोशींचं उदाहरण घ्या. शेतमालाचा बाजार मोकळा करा म्हणून आयुष्यभर लढले, पण धर्माचा आधार कधी घेतला नाही, शेतकरी स्त्रियांना जमिनीत वाटा द्या म्हणून लक्ष्मीमुक्ती चालवली. खुल्या बाजाराचा माणूस म्हणजे उजवा कट्टर असं समीकरण करू नका एवढीच विनंती.

भीमथडी

@मुक्तअर्थी, शरद जोशींबद्दल पूर्ण सहमत, आणि ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बाजाराचा विचार धर्माशिवाय आणि हुकूमशाहीशिवाय मांडता येतो, म्हणजे चिलीत जे जुळलं ते कुणीतरी जुळवलं. महागाई भयंकर होती हेही खरंच, ट्रक मालकांचे संप होते, अमेरिकेने निक्सनच्या काळात आर्थिक नाकेबंदी केली होती, सगळं होतं. पण महागाई थांबवायला पिनोशेच्या लष्कराने कोंडली तशी माणसं स्टेडियममध्ये कोंडावी लागत नाहीत.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबतो. गरिबी घटली ती १९९० नंतर, निवडून आलेल्या सरकारांनी. पिनोशेच्या काळात १९८२ ला अर्थव्यवस्था पुन्हा १४ टक्क्यांच्या आसपास कोसळली, बेकारी २० टक्क्यांच्या वर, आणि १९८३ च्या जानेवारीत याच शिकागोवाल्या सरकारला बँका ताब्यात घ्याव्या लागल्या. १९८७ ला पाहणी झाली तेव्हा ४५ टक्के लोक गरीब निघाले. तेव्हा श्रेय वाटताना तारखा बघूया. आणि सल्लागाराचं म्हणाल तर खुल्या बाजाराचा दुसरा मोठा अर्थतज्ज्ञ हायेक, त्याने १९८१ मध्ये चिलीतल्याच वर्तमानपत्राला मुलाखत देताना सांगितलं होतं की उदारपणा नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदार हुकूमशहा बरा. तो दुरून सल्ला देत नव्हता, बाजू घेत होता.

नेवाशाची_लेक

मी ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातली, आमच्या घरात तिसरी पिढी. लेख वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते. भीमथडी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण शीर्षकातच रमाबाईंची प्रार्थना आणि हुकूमशहा शेजारी शेजारी ठेवलेत ते मला लागलं. त्या पोरी कोण होत्या? दुष्काळात आईबापांनी टाकलेल्या, विकल्या जाणाऱ्या, केस कापून कोपऱ्यात बसवलेल्या. पहिल्यांदा त्यांना कुणीतरी सांगितलं की तुझ्या तोंडून देव बोलू शकतो, आणि त्या बोलल्या. सत्तर वर्षांनी दुसऱ्या खंडात एका जनरलने त्याचं काय केलं त्याचा हिशेब त्या पोरींच्या खात्यावर मांडायचा का? इथे आधीच आमच्याकडे संशयाने बघणारे कमी नाहीत, गावात प्रार्थनासभा घ्यायची म्हटली तरी चार माणसं दारात येऊन उभी राहतात. अशा वेळी 'बघा ख्रिस्ती लोकांचं तिकडे काय चाललंय' म्हणून असा लेख फिरवला जातो, लिहिणाऱ्याच्या मनात नसलं तरी.

आणि आमच्या मंडळीतले बहुतेक लोक महार-मांग समाजातून आलेले, १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, अजून भांडतोय. आमच्याकडे कुणाला फ्रीडमन माहीत नाही, आम्हाला सरकारी शाळा आणि सरकारी दवाखानाच हवाय.

भीमथडी

नेवाशाची_लेक ताई, मनापासून लिहिलंत त्याबद्दल आभार. हिशेब मुलींच्या खात्यावर नाहीच, तो होताबेचेच्या व्यासपीठावर बसलेल्यांच्या खात्यावर आहे. शीर्षक ठेवतोय, कारण जे पहिल्यांदा गरिबाच्या तोंडून बोललं गेलं ते पुढे सत्तेच्या कामी कसं आणलं जातं हाच धाग्याचा विषय आहे आणि केडगाव त्यातून काढलं तर मुलींचं नावच पुसलं जाईल. पण हा लेख कुणी तुमच्याविरुद्ध वापरला तर तिथे येऊन मी स्वतः बोलेन, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

निवांत_वाचक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की सगळे पेंटेकोस्टल पिनोशेबरोबर नव्हते. १९६१ मध्ये दिल्लीत जागतिक चर्च परिषदेचं अधिवेशन झालं तेव्हा चिलीची दोन पेंटेकोस्टल चर्चेस तिच्यात सामील झाली, आणि त्या बाजूची माणसं पुढे हुकूमशाहीच्या विरोधात उभी राहिली. १९८६ मध्ये काही इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल चर्चेसच्या गटाने पिनोशेला उघड पत्र लिहून लोकशाही परत आणा म्हणून सांगितलं. तेव्हा असलं पत्र लिहायला काय धैर्य लागत असेल, आदल्याच वर्षी व्हिकारियाच्या एका कर्मचाऱ्याला पोलिसांनी गळा चिरून मारलं होतं.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे याची दुसरी बाजू आहे म्हणून लिहितो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कट्टर कॅथलिक, शिकायला सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) होता, आणि कट्टर उजवा. 'देव, देश, कुटुंब' ही घोषणा त्याच्याच राजवटीची. पण खुला बाजार? अजिबात नाही. धंदा काढायचा तर सरकारी परवाना, कामगारांचे आणि मालकांचे संघही सरकारच्याच ताब्यात, सगळं वरून ठरणार. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्याच्या १९३३ च्या घटनेमागे तेच १९३१ चं पोपपत्र होतं जे गुस्मानने वापरलं! सालाझारने त्यातून सरकारी संघांची व्यवस्था काढली, गुस्मानने त्यातून सरकारने हात आखडायचा असं काढलं. म्हणजे पत्र एक आणि अर्थव्यवस्था दोन, अगदी विरुद्ध. दोघांच्यात सारखं काय राहिलं तर पक्ष नको, संघटना नको, निवडणूक नावापुरती. म्हणून मला वाटतं की या त्रिकुटात बाजार हा बदलता भाग आहे, ज्या काळात जे चलनात असेल ते घालतात. माझ्या आजोबांच्या पिढीने ती राजवट १९६१ पर्यंत इथे सोसली, सभा घ्यायची तर परवानगी, छापायचं तर सेन्सॉर, आणि चर्चमध्ये त्याच राजवटीसाठी प्रार्थना. त्याच चर्चमधले काही पाद्री आणि कॅथलिक घरातली माणसं मुक्तिलढ्यात होती हेही सांगितलं पाहिजे.

निवांत_वाचक

मांडवीकाठ, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा आहे, काढाच. भीमथडी, गुस्मानचं पुढे काय झालं?

भीमथडी

१९८३ मध्ये त्याने पक्ष काढला, यूडीआय. लोकशाही आल्यावर सेनेटर झाला, त्याच्या मतदारसंघात तो मतांनी तिसरा होता पण पिनोशेच्या काळातल्या दोन-दोन जागांच्या निवडणूक पद्धतीमुळे निवडून आला. १ एप्रिल १९९१ ला कॅथलिक विद्यापीठात शिकवून बाहेर पडताना डाव्या सशस्त्र गटाने त्याला गोळ्या घातल्या. त्या खुनाचं समर्थन मी करत नाही, करणार नाही. आणि त्याने चिलीच्या उजव्यांना एक हुतात्मा दिला हे वेगळंच.

डॅलसकर

मी टेक्सासमध्ये १५-१६ वर्षं आहे, आजूबाजूला सगळी मोठमोठी चर्चेस, शेजारी त्यातले, माणसं म्हणून अतिशय चांगली, आजारी पडलो तर घरी डबा घेऊन येणारी. पण मांडवीकाठ म्हणतात तसं बाजार हा 'बदलता भाग' आहे हे अमेरिकेत पटत नाही, इथे तो फार पद्धतशीरपणे, पैसे ओतून आत घातलाय. १९३० च्या दशकात रूझवेल्टने न्यू डीलमध्ये कामगार कायदे आणि पेन्शन आणली तेव्हा मोठे उद्योगपती चिडले. लॉस एंजेलिसमध्ये जेम्स फायफील्ड म्हणून श्रीमंतांच्या चर्चचा पाद्री होता, त्याने स्पिरिच्युअल मोबिलायझेशन नावाची चळवळ काढली, सन ऑईलच्या जे. हॉवर्ड प्यूसारख्यांनी पैसा पुरवला, आणि देशभरच्या हजारो पाद्र्यांना साहित्य पाठवलं जायचं की सरकारी कल्याण योजना म्हणजे सरकारने देवाची जागा घेणं. आयझेनहॉवरच्या काळात १९५४ ला राष्ट्रनिष्ठेच्या शपथेत देवाचं नाव घातलं, १९५६ ला 'इन गॉड वुई ट्रस्ट' हे अधिकृत ब्रीद झालं, आणि आता शेजाऱ्याला विचारा, तो म्हणतो हे पहिल्यापासून असंच होतं.

मग १९७९ ला पाद्री जेरी फॉलवेलची मोरल मेजॉरिटी, म्हणजे उजव्या ख्रिस्ती मतदारांची संघटना. लोक म्हणतात गर्भपाताला मान्यता देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे, पण तो निकाल १९७३ चा, आणि त्यानंतर बरीच वर्षं इव्हँजेलिकल पुढाऱ्यांपैकी बरेच जण त्यावर शांत होते. आधी ज्याने ठिणगी पडली ते वेगळं, काळ्या मुलांना न घेणाऱ्या ख्रिस्ती खाजगी शाळांची करसवलत सरकार काढायला निघालं ते. इथे बाजार, वंश आणि देव तिघंही एका धाग्यात आले, 'सरकारने आमच्यात ढवळाढवळ करू नये' म्हणून.

याच देशात १९०७ च्या सुमाराला वॉल्टर राउशेनबुश नावाचा बॅप्टिस्ट पाद्री न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काम करून सांगत होता की ख्रिस्ताचं राज्य म्हणजे कामगाराला न्याय. मार्टिन ल्यूथर किंग त्याला मानायचे, आणि १९६८ मध्ये मेंफिसला सफाई कामगारांच्या संपासाठी गेले असताना मारले गेले. तेही चर्चच होतं.

नेवाशाची_लेक

डॅलसकर, तुमच्याकडून जे निघतं ते आमच्याकडे पोचतं बरं का. गेल्या दहाएक वर्षांत केबलवर आणि मोबाईलवर प्रवचनं येतात, 'बी पेर, शंभरपट मिळेल', म्हणजे आमच्या मंडळाला पैसे पाठव आणि देव तुझं कर्ज फेडेल. आमच्या मंडळीतल्या एका मावशीने मंगळसूत्रातले मणी विकून पाठवले, नवरा आजारी होता म्हणून. तो वारला. मग तिला सांगितलं गेलं की तुझा विश्वास कमी पडला. हे मला राजकारणापेक्षा भयंकर वाटतं, कारण दवाखान्यात बेड का नव्हता हा प्रश्न तिने विचारायचाच नाही, सगळा दोष तिच्या विश्वासाचा. आता माझ्या लक्षात येतं की बाजाराचा विचार असाच आत येतो, पक्षाचा झेंडा न घेता.

भीमथडी

ताई, तुमच्या या प्रतिसादात मूळ लेखापेक्षा जास्त आहे.

अँडीजच्या_पायथ्याशी

नमस्कार, मी मूळची सोलापूरची, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे सांतियागोत राहते, आता स्पॅनिश बऱ्यापैकी येतं म्हणून थोडं इथलं सांगते.

रविवारी आमच्या भागात पेंटेकोस्टल लोक गिटार आणि मँडोलिन घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर गातात, बायका लांब स्कर्टमध्ये, पुरुष सुटाबुटात, आणि सगळे कामकरी लोक. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाई त्यातल्या. त्यांचा नवरा दारू सोडून माणसात आला तो या चर्चमुळे, घरात पैसा उरायला लागला, मुलगी नर्स झाली. हे बाहेरून बघणाऱ्यांना दिसत नाही, सरकार त्या वस्तीत पोचलं नव्हतं तेव्हा चर्च पोचलं होतं. त्या बाईंना मी केडगावचं सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, मग रमाबाईंचा फोटो दाखवला तर त्यांनी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि फोटो मागून घेतला.

आता पेन्शनचं. पगाराच्या १० टक्के कापून खाजगी फंडात जातात, वर फंडाचं कमिशन वेगळं, कित्येक वर्षं मालकाचा वाटा शून्य होता. ज्यांनी मधेमधे काम सोडलं, म्हणजे बहुतेक बायका, त्यांना म्हातारपणी मिळतं ते किमान पगारापेक्षाही कमी. २००८ ला सरकारने आधाराची पेन्शन जोडली, २०१६ ला या फंडांविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले, आणि ऑक्टोबर २०१९ चा उद्रेक मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं म्हणून सुरू झाला तेव्हा भिंतींवर लिहिलेलं असायचं की प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे. २०२५ ला कायदा बदलून मालकाचा वाटा आणला, तो हळूहळू लागू होतोय.

तरीही डिसेंबर २०२५ मध्ये इथे उजव्या पक्षाचा होसे आंतोनियो कास्त अध्यक्ष म्हणून निवडून आला, ५८ टक्के मतांनी. भीमथडींनी सांगितलेले सगळे धागे त्याच्यात आहेत. कॅथलिक विद्यापीठाचा वकील, गुस्मानच्या विद्यार्थी चळवळीतून आलेला, श्योनश्टाट या कॅथलिक पंथातला, नऊ मुलांचा बाप. मोठा भाऊ मिगेल कास्त शिकागो बॉय, पिनोशेचा मंत्री. पण कॅथलिक असूनही इव्हँजेलिकल मतं त्याला मिळतात, कारण २०१७ चा गर्भपाताचा मर्यादित कायदा आणि २०२२ पासून लागू झालेला समलिंगी विवाह या दोन्हीला त्याचा ठाम विरोध. २०१७ च्या इव्हँजेलिकल राष्ट्रीय प्रार्थनेत अध्यक्ष बाशेलेट यांना पाद्र्यांनी तोंडावर सुनावलं, बाहेर लोक ओरडले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. १९७५ ला सुरू झालेली तीच प्रार्थना.

लेखणीवाला

ब्राझीलचं एक वाक्य जोडतो. तिथला उजवा माजी अध्यक्ष बोल्सोनारो स्वतः कॅथलिक, पण २०१६ मध्ये जॉर्डन नदीत पेंटेकोस्टल पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला, एदिर मासेदोच्या युनिव्हर्सल चर्चने (हेही पेंटेकोस्टल) २०१८ ला पाठिंबा दिला, आणि त्याचा अर्थमंत्री पाउलो गेदेस हा शिकागोचा डॉक्टरेट, ज्याने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पिनोशेच्या चिलीत विद्यापीठात शिकवलं होतं. भीमथडी म्हणतात तसं, माणसं आणि त्यांचे प्रवास बघितले की कळतं.

मुक्तअर्थी

सगळं वाचलं. माझा आक्षेप थोडा बदलून ठेवतो. गुस्मानने जे केलं त्यात बाजाराचं रक्षण कमी आणि मतदारापासून बचाव जास्त होता हे मान्य, आणि बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्या आम्ही लोकांनी ते आधी म्हणायला हवं. पण ताई म्हणाल्या त्या मावशींच्या उदाहरणात 'बाजाराचा विचार' कुठे आला हे मला अजूनही पटत नाही, ती शुद्ध फसवणूक आहे, आणि खुल्या बाजारात फसवणुकीला शिक्षा असते. चिलीतही लोकांनी पेन्शनबद्दल तक्रार असूनही सप्टेंबर २०२२ मध्ये डावीकडची नवी घटना ६२ टक्क्यांनी फेटाळली. लोकांना सगळं सरकारच्या हातात नकोय.

अँडीजच्या_पायथ्याशी

मुक्तअर्थी, खरंय, आणि वर्षभराने डिसेंबर २०२३ मध्ये उजव्यांनी लिहिलेली घटनाही फेटाळली, ५५ टक्क्यांच्या वर मतांनी. म्हणजे पिनोशेकाळातली १९८० ची घटनाच दुरुस्त्यांसह चालू आहे. आमच्याकडे येणाऱ्या त्या बाईंनी दोन्ही वेळा नको म्हणूनच मत दिलं आणि २०२५ ला कास्तला दिलं. विचारलं का, तर म्हणाल्या गल्लीत गोळीबार होतो आणि शाळेत मुलांना काय शिकवतात ते पटत नाही. पेन्शनबद्दल, खर्चकपातीबद्दल चकार शब्द नाही, आणि त्याने प्रचारातच ६ अब्ज डॉलरची सरकारी खर्चकपात जाहीर केली होती.

भीमथडी

ताई, मला नेमकी हीच भीती वाटते. त्या बाईंनी मत दिलं मुलांच्या शिकवणीसाठी आणि गल्लीतल्या सुरक्षिततेसाठी, दोन्ही काळज्या खऱ्या, आणि त्याच मतपत्रिकेवर न विचारता खर्चकपातही आली. १९७४ ला पाद्र्यांना मान हवा होता, तो मिळाल्यासारखा दिसला, पण कायद्याने कॅथलिकांच्या बरोबरीचा दर्जा पिनोशेने दिलाच नाही, पंधरा-सोळा वर्षं तोंडाला पानंच पुसली. तो दर्जा आला १९९९ च्या कायद्याने, लोकशाही सरकारच्या हातून. ३१ ऑक्टोबरची इव्हँजेलिकल सुट्टीही २००८ ची, बाशेलेटच्या सरकारची, जिला पुढे त्याच व्यासपीठावरून सुनावलं गेलं. त्या बाईंच्या चर्चमध्ये हे कुणी सांगतं का, एवढं विचारून बघाल?

अँडीजच्या_पायथ्याशी

रविवारी येणार आहेत, १९९९ च्या कायद्याचं स्पॅनिशमधलं पान काढून ठेवते. त्यांची मुलगी मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे, कपातीचं पहिलं तिलाच कळेल, तिच्याशीही बोलते आणि इथे लिहिते.